नव्वद मुलं आणि दोन बस

गोष्टीच्या बाईंच्या वाट्याला गणित आलं ते बदलीच्या हुकमासारखं. न मागता, न विचारता, आणि थेट सोमवारपासून.

चौथीचे गणिताचे सर दुसऱ्या शाळेत गेले आणि हेडबाईंनी वेळापत्रकातल्या त्यांच्या चौकटी खोडून तिथं या बाईंचं नाव घातलं. बाई कुरकुरल्या तर हेडबाई म्हणाल्या, "अहो, चौथीचं तर गणित. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार. त्यात आहे काय? तुम्ही भिंतीलासुद्धा कविता शिकवाल!"

भिंतीला कविता शिकवणं सोपं होतं. भिंत प्रश्न विचारत नाही.

भाषेत बाईंचा हात धरणारं कुणी नव्हतं. गोष्ट सांगायला लागल्या की खिडकीत येऊन बसणारं मांजरसुद्धा शेवटापर्यंत हलत नसे. एखाद्या पोरानं मधेच विचारलं, "बाई, पण राजानं त्याला सोडलंच का?" तर बाईंच्या पोटात चार उत्तरं तयार असत, कारण गोष्ट त्यांना पुढून, मागून, आतून ठाऊक होती. भाषेत त्या गावातल्या होत्या. गणितात मात्र पाहुण्या. पाहुण्याला स्टेशनापासून घरापर्यंतचा एकच रस्ता माहीत असतो. त्या रस्त्यात कुणी आडवं उभं राहिलं की तो तिथंच सामान ठेवून घाम पुसतो. शाळेत असताना बाई गणितात काठावर पास झाल्या होत्या, आणि तोही काठ देवानंच पुढे सरकवला असावा असं त्यांना अजून वाटे.

मग त्यांनी काय केलं? जे येत होतं त्यानं, जे येत नव्हतं ते झाकलं. गाणी केली. मोठ्या संख्यांचा भागाकार आला तेव्हा त्यांना लहानपणी शिकवलेली युक्ती आठवली: वर शून्य, खाली शून्य, तर दोन्ही उडवायची आणि उरलेल्या आकड्यांचा भागाकार करायचा. त्याला त्यांनी चाल लावली.

*वरचं शून्य, खालचं शून्य,
जोडीनं गेली फिरायला;
वेळ कितीसा लागतो आता
उरलेला भाग करायला!*

काय सांगावं, आठवड्याभरात सगळी शाळा ते गुणगुणायला लागली. नळापाशी पाणी पिताना पोरं म्हणत, रांगेत म्हणत. हेडबाईंनी ते ऐकलं आणि तिकडे पर्यवेक्षक साहेबांच्या कानावर घातलं. साहेब म्हणाले, "वा! मग गुरुवारी याच बाईंचा पाठ बघू."

गुरुवारचा पाठ म्हणजे साधी गोष्ट नव्हती. बाईंच्या नावापुढे तिसऱ्या वर्षीही 'तात्पुरत्या' असा शब्द होता. दर वर्षाअखेर त्या कपाटातला आपला कप्पा रिकामा करत, पुस्तकं पिशवीत भरून घरी नेत, आणि पुन्हा बोलावणं येईल का म्हणून सुट्टीभर दारातल्या पावलांकडे कान लावून बसत. साहेबांनी पाठ बघून चांगला शेरा दिला की तो शब्द जाणार होता. त्यासाठी बाईंनी देवाला किती वेळा हात जोडले, ते देवालाच ठाऊक.

आणि मंगळवारी ती चिमणी बोलली.

चिमणी हे काही तिचं खरं नाव नव्हे. दुसऱ्या बाकावर बसणारी, आवाज इतका बारीक की बाक ओलांडता ओलांडता दमायचा, म्हणून चिमणी. फळ्यावर गणित होतं: सत्तर पेन्सिली, एका डबीत वीस. किती डब्या भरतील, किती पेन्सिली उरतील? वर्गानं गाणं म्हटलं, दोन्ही शून्यांना फिरायला पाठवलं, सातला दोननं भागलं आणि सगळे ओरडले, "तीन डब्या! उरली एक!"

"बाई," दुसऱ्या बाकावरून आलं, "दहा उरतात."

"काय गं?"

"दहा पेन्सिली उरतात."

बाई हसल्या. त्यांच्या मनात तिला दुखवायचं काही नव्हतं. वर्ग रंगात होता, त्याही रंगात होत्या. "अगं चिमणे, शून्य फिरायला गेलं होतं ना? तू त्याला अर्ध्या वाटेतून ओढून आणलंस होय?"

वर्ग हसला.

"आणि बाकाखाली बोटं कसली मोजतेस? आता मोठी झालीस ना! गाणं म्हण, उत्तर आपोआप येतं."

"म्हटलं मी गाणं," चिमणी म्हणाली. "तरी दहाच उरतात."

"मग बेसूर म्हटलं असशील!"

आता मात्र वर्ग बाकं बडवून हसला. मागच्या बाकावरच्या ढब्बूनं तर बेसूर गाऊनच दाखवलं. चिमणी बसली. तिच्या वहीत बाईंनी लाल फुली मारली तेव्हा तिनं ती नीट बघून घेतली, जणू फुली कशी मारतात ते शिकायचं होतं, आणि वही मिटली.

तास संपला. बाई वऱ्हांड्यात आल्या, आणि दातात काही बारीक अडकावं तसं त्यांना झालं. जीभ सारखी तिथंच जाते, काढायला जावं तर सापडत नाही. पोरगी दोनदा म्हणाली. हसू आल्यावरसुद्धा म्हणाली. खोटं बोलणारं पोर दुसऱ्यांदा आवाज चढवतं. हिचा आवाज होता तेवढाच होता.

शिक्षकांच्या खोलीत खेळाचे सर शिट्टीची दोरी गळ्यात अडकवून डबा खात होते. बाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "सर, सत्तरला वीसनं भागलं तर बाकी किती हो?"

"तीन वेळा भाग जातो. उरला एक."

"नक्की?"

"शून्याला शून्य मारा, खेळ खलास! छडी खाऊन शिकलोय बाई, चुकेल कसं?" सरांनी घास थांबवून वर बघितलं. "का? दुसरं काही उरतं की काय?"

"छे छे. सहज आपलं."

कोपऱ्यात वह्या तपासणाऱ्या दोघीजणींनीही मान डोलावली. त्यांनाही तसंच शिकवलेलं होतं. कुणीच कधी पेन्सिली मोजून बघितल्या नव्हत्या.

संध्याकाळी घरी सासूबाई मशीनवर अभ्रे शिवत होत्या. नवरा कामानिमित्त दूरगावी, घरात दोघीच. बाईंनी पर्स खाली ठेवली न ठेवली आणि म्हणाल्या, "आई, तुमचा बटणांचा डबा द्या जरा."

"का गं? कशाचं बटण तुटलं?"

"तुटलं नाही काही. मोजायचीत."

सासूबाईंनी चष्म्यावरून सुनेकडे बघितलं, पण डबा दिला. बाईंनी जमिनीवर मांडी घातली आणि सत्तर बटणं मोजून घेतली. वीस-वीसचे ढीग केले. एक ढीग. दुसरा ढीग. तिसरा. मग उरलेल्या बटणांवर हात ठेवला, आणि हात उचलायची त्यांना भीती वाटली. तळहाताखाली एक बटण नव्हतं, एवढं हाताला कळत होतं.

त्यांनी पुन्हा मोजलं. पुन्हा तेच.

"अगं, काय शोधतेस? तोंड बघ केवढंसं झालंय."

"आई, एकच उरायला हवं होतं."

"आणि?"

"दहा उरलीत."

"मग बरंच झालं की गं!" सासूबाईंनी मशीनचं चाक फिरवलं. "कमी पडली असती तर रडायचं. जास्त उरली म्हणून रडणारी तूच पहिली!"

एरवी बाई खदखदून हसल्या असत्या. आज त्यांना मघाचा वर्गच ऐकू येत होता. बेसूर म्हटलं असशील, असं आपण म्हणालो. वर फुली मारली. आणि पोरगी बरोबर होती.

नुसती चूक असती तरी एक वेळ चाललं असतं. पण युक्ती पुरती खोटी असती तर तीनसुद्धा चुकले असते. तीन बरोबर, एक चूक! अर्धं खरं आणि अर्धं खोटं एकाच गाण्यात कसं नांदतं? बाईंनी बटणं इकडची तिकडे केली, कागदावर भागाकार पाच वेळा मांडला. प्रत्येक वेळी कागद म्हणे एक, जमीन म्हणे दहा. का, ते मात्र दोघंही सांगत नव्हते.

बाईंचे वडील कीर्तनाचे वेडे. लहानपणी बाई गोड गळ्यानं गात, तेव्हा वडील म्हणायचे, "बाळा, गळा देवानं दिला, गा. पण निरूपण करायला उभी राहशील तेव्हा आधी अर्थ तुझ्या पोटात पाहिजे. नाहीतर चाल लोकांच्या लक्षात राहते आणि देव राहून जातो." त्या वेळी ते ऐकायला गोड वाटलं होतं. आज तेच टोचलं.

आता कुणीही म्हणेल, बुधवारी वर्गात जायचं आणि सांगून टाकायचं. पण माणूस भ्यायला की त्याची अक्कल फार सोयीची होते. बाईंच्या मनानं हिशोब केला: उद्या सांगितलं तर पोरं घरी जाऊन सांगणार, हेडबाईंच्या कानावर जाणार, परवा साहेब येणार. का उरतात असं कुणी विचारलं तर आपल्याकडे उत्तर नाही. त्यापेक्षा गुरुवार होऊन जाऊ दे. शुक्रवारी सांगू. चिमणीला जवळ घेऊन सांगू. खाऊ देऊ.

त्यांनी गुरुवारसाठी गणितं निवडली ती सगळी पूर्ण भाग जाणारी. ऐंशीला वीस. साठला तीस. बाकी उरतच नाही, मग चुकणार काय? बुधवारी सराव झाला. वर्ग घड्याळासारखा चालला. चिमणीनं दिवसभरात एकदाही हात वर केला नाही. बाई तिच्या बाकाजवळून गेल्या की ती हात मांडीवर एकमेकांत घट्ट धरून बसे. बाईंना ते दिसलं. त्यांनी नजर पुढच्या बाकावर नेली.

गुरुवारी सकाळी बाईंची तयारी होता होईना. साडीची निरी तीनदा बसवली. सासूबाई म्हणाल्या, "साहेब माणूस आहे, वाघ नव्हे." बाई म्हणाल्या, "वाघ बरा आई, तो शेरा लिहीत नाही." आणि बोलून त्यांनाच रडू आल्यासारखं झालं.

साहेब आले, मागच्या खुर्चीवर बसले. शेजारी हेडबाई. आणि पाठ असा रंगला म्हणता! गाणं झालं, गणितं झाली, ढब्बूनंसुद्धा एक सोडवलं. फळ्यावर एकाखाली एक स्वच्छ उत्तरं, कुठं बाकीचा ठिपका नाही. हेडबाईंची मान आपोआप डुलत होती. शेवटची काही मिनिटं राहिली, बाईंचा श्वास खाली उतरायला लागला, तेवढ्यात साहेब उठले.

"मुलांनो, एक मी विचारू?"

बाईंच्या हातातला खडू मोडला.

"सहलीला नव्वद मुलं निघाली. एका बसमध्ये चाळीस बसतात. किती बस पूर्ण भरतील, आणि मुलं किती उरतील?"

देवा, बाई मनात म्हणाल्या, घंटा होऊ दे. घंटा झाली नाही. वर्गानं आनंदानं गाणं म्हटलं, शून्यं फिरायला गेली, नवाला चारनं भाग गेला. "दोन बस भरल्या! एक मूल उरलं!"

बाईंनी डोळे मिटून घेतले. आता साहेब म्हणतील, चुकलं. आता ते विचारतील, कुणी शिकवलं हे?

"शाब्बास!" साहेब म्हणाले. "आणि त्या एकाला काय, मी माझ्या गाडीतून नेईन!"

सगळे हसले. हेडबाई तर डोळे पुसेपर्यंत हसल्या. बाईंनी डोळे उघडले. म्हणजे साहेबांनाही… त्यांनाही तसंच शिकवलेलं होतं. साहेब खिशातून पेन काढत होते. झालं. सुटलो. बाईंच्या खांद्यांवरचं ओझं सरकन उतरलं, आणि त्याच क्षणी त्यांची नजर दुसऱ्या बाकावर गेली.

चिमणीचं तोंड अजून उघडं होतं. तीही ओरडली होती, "एक!" सगळ्यांबरोबर, सगळ्यांएवढ्याच मोठ्यानं. परवा त्या पोरीला दहा दिसत होते. आज तिनं एक म्हटलं. बाईंनी जे शिकवलं, ते ती शिकली होती.

बाईंच्या डोळ्यांपुढे एक रस्ता उभा राहिला. दोन बस निघून गेल्यात, साहेबांची गाडीही गेलीय, आणि रस्त्याच्या कडेला नऊ पोरं पाठीवर दप्तर लावून उभी आहेत. कुणी मोजलंच नाही त्यांना.

"साहेब, थांबा," बाई म्हणाल्या. "चुकलं ते."

"काय चुकलं?"

"उत्तर. एक नाही उरत. दहा उरतात."

"बाई!" हेडबाई दातांतल्या दातांत म्हणाल्या.

साहेबांचं पेन तसंच राहिलं. "कशावरून?"

आणि इथं बाईंचा रस्ता संपला. "मी… बटणं मोजून बघितली. सत्तरची वीस-वीस केली. मोजली की दहा उरतात आणि गाण्यानं एक येतो. का ते मला माहीत नाही, साहेब."

मागून ढब्बूचा घाबरलेला आवाज, "बाईंना माहीत नाही?" छपरातून थेंब गळावा तसा.

बाई दुसऱ्या बाकाशी गेल्या. "चिमणे, परवा तू दहा म्हणाली होतीस. कसं काढलंस गं?"

चिमणीनं साहेबांकडे बघितलं, मग खाली. "एक, बाई."

"आजचं नाही. परवाचं सांग."

"परवा मी चुकले होते."

"तू नाही गं चुकलीस," बाई म्हणाल्या. वाकून तिच्या डोळ्यांच्या पातळीला आल्या. "मी चुकले होते. आणि वर तुला हसले."

पोरीनं बराच वेळ बाईंच्या चेहऱ्यात काहीतरी शोधलं. मग बाकाखालून दोन्ही हात वर आले. "मी दहा-दहानं मोजते. दोन्ही हात म्हणजे दहा. सत्तरला सात वेळा. पण मधेच विसरायला होतं. हात पुरत नाहीत, माझे दोनच आहेत."

"माझे घे की!" शेजारची म्हणाली.

"माझे पण!"

बाईंना वाटलं, कुणीतरी पाठीमागून दिवा धरला. "या रे," त्या म्हणाल्या, "नऊजण या पुढे. नव्वद मुलं म्हणजे नव्वद बोटं. प्रत्येकानं दोन्ही हात वर करा."

नऊजण फळ्यापुढे ओळीनं उभे राहिले, पंजे पसरून. वर्गानं दहा, वीस, तीस करत नव्वदपर्यंत मोजलं.

"आता बस. एका बसमध्ये चाळीस बोटं. किती जण घ्यायचे?"

"चार!"

चौघं खिडकीकडे गेले. पुन्हा चौघं दाराकडे गेले. मधे ढब्बू एकटाच उरला, हात वर करून, पोलिसांनी पकडल्यासारखा. "बाई, मी एकटाच राहिलो!"

"बघा! एकच उरला!" कुणीतरी ओरडलं. "गाणं बरोबर आहे!"

"एकच आहे," चिमणी म्हणाली. आवाज नेहमीचाच, बारीक. "पण त्याची बोटं दहा आहेत."

बाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. दोन दिवस कागद आणि जमीन भांडत होती, ती दोघं एकाच पोराच्या अंगात उभी होती. एक ढब्बू. दहा बोटं.

"म्हणजे…" त्या अडखळत बोलायला लागल्या. आधी वर्गाला नव्हे, स्वतःलाच. "आपण शून्य उडवलं, तेव्हा ते कुठं फिरायला गेलंच नाही. आपण मुलं मोजायचं सोडून दहा-दहा मुलांचे गट मोजायला लागलो. नऊ गट. एका बसमध्ये चार गट. बस दोनच भरल्या, त्यात काही बदल नाही. पण उरला तो एक… एक गट. एक मूल नव्हे. त्या एकात दहाजण आहेत रे!"

"मग माझ्या गाडीत बसायचे नाहीत," साहेब मागून म्हणाले.

ते पुढे आले. खडूचा तुकडा उचलून फळ्याच्या कोपऱ्यात त्यांनी स्वतः भागाकार केला, शून्यं न उडवता. नव्वदातून ऐंशी गेले, खाली दहा राहिले. ते त्या दहाकडे बघत राहिले. "म्हणजे मघाशी मी शाब्बास म्हणालो, ते…"

"चुकलं, साहेब," ढब्बू हात वर ठेवूनच म्हणाला. "पण असू दे. तुम्ही पण गाणंच म्हटलं असेल."

हेडबाईंनी कपाळाला हात लावला. वर्ग हसला. साहेब हसले नाहीत.

तास संपल्यावर हेडबाईंच्या खोलीत बाईंना बोलावणं आलं. साहेबांनी विचारलं, "दहा उरतात हे तुम्हाला मंगळवारीच कळलं होतं?"

"हो."

"आणि आज तुम्ही बाकी उरणारं एकही गणित घेतलं नाहीत."

साहेब तेवढे भोळे नव्हते. "नाही घेतलं," बाई म्हणाल्या.

"का?"

"भीती वाटली."

"मी विचारलंच नसतं तर?"

'शुक्रवारी सांगणार होते' हे वाक्य बाईंच्या ओठांवर आलं. तिथंच त्यांनी ते तपासलं, आणि त्यात किती खरं आहे ते त्यांना सापडेना. "माहीत नाही, साहेब," त्या म्हणाल्या.

साहेबांनी बराच वेळ लिहिलं. मग कागद त्यांच्यापुढे सरकवला. "वर्ग बोलतो, विचार करतो," असं एक वाक्य होतं. त्याखाली: "विषयाचं ज्ञान अपुरं. पुढच्या सत्रात पुन्हा पाठ पाहावा."

"मलाही आज कळलं, म्हणून तुमचा शेरा बदलता येत नाही," ते म्हणाले. सुरात राग नव्हता. होती ती दमणूक. "खरं तर हाच शेरा आधी माझ्या नावापुढे पडायला हवा." ते उठले आणि गेले.

म्हणजे 'तात्पुरत्या' हा शब्द तसाच राहिला. बाईंनी कागदाची कड बोटानं सरळ केली, पुन्हा पुन्हा.

हेडबाईंनी पाण्याचा पेला पुढे केला. रागावल्या होत्या, पण मनाच्या वाईट नव्हत्या. "काय मिळवलंत बाई? पेन उघडलं होतं हो त्यांनी! बरं, अजून वाट आहे. चौथीचं गणित खेळाच्या सरांना देते. तुम्ही तुमची भाषा घ्या. पुढच्या वेळी गोष्टीचा पाठ दाखवा. डोळे मिटून कायम व्हाल."

गोष्टीचा पाठ! बाईंना तो आत्ता, इथं, या खुर्चीत बसून घेता आला असता. त्या 'हो' म्हणायच्या बेतात होत्या. मग त्यांना खेळाच्या सरांचा आवाज ऐकू आला: शून्याला शून्य मारा, खेळ खलास. सरांचा काही दोष नव्हता. परवापर्यंत बाईंचाही तोच आवाज होता.

"गणित माझ्याकडेच राहू द्या," त्या म्हणाल्या.

"आणि परत फसलात तर?"

"फसेन, बाई. पण आता फसले की मला कळेल तरी. आणि कळलं की झाकणार नाही."

"कायम व्हायचंय ना तुम्हाला?"

"व्हायचंय." बाईंचे डोळे भरून आले. "फार व्हायचंय."

वेळापत्रकावरचं पेन हेडबाईंनी टोपण लावून ठेवून दिलं.

शुक्रवारी वजाबाकीची उजळणी होती. बाईंनी आदल्या संध्याकाळी बटणं घेऊन ती स्वतः करून पाहिली होती, आणि बऱ्यापैकी तयारी झालीय असं त्यांना वाटत होतं. बावन्न वजा सतरा. "दोनातून सात जात नाहीत," त्या म्हणाल्या, "म्हणून शेजारच्या पाचाकडून एक उसना घेतला…"

मागचा हात वर झाला. ढब्बू. कालपासून त्याला प्रश्न विचारायची चटकच लागली होती.

"बाई, उसनं घेतलेलं परत कधी करायचं?"

वर्ग हसला नाही. सगळे वळून बाईंकडे बघायला लागले, कारण प्रश्न सगळ्यांनाच रास्त वाटला. घरी साखर उसनी आणली तर आई परत करते. मग हे पाच बिचारे चारावर का थांबतात?

बटणांनी बाईंना हे विचारलं नव्हतं. गुरुवारचीच भीती, अगदी तशीच. धाडस केलं म्हणून भीती सुटते असं थोडंच आहे! दाराबाहेर वऱ्हांड्यात हेडबाईंच्या चपलांचा आवाज आला आणि मंदावला.

"मला माहीत नाही रे," बाई दारापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाल्या. "बटणं माझ्या पिशवीत आहेत. बघूया, ते पाच आपल्याकडून काय परत मागतात."

बटणांची पिशवी घेऊन बसायला जागा शोधत त्या बाकांमधून पुढे आल्या. दुसऱ्या बाकावर चिमणीनं आपलं दप्तर उचलून मांडीवर घेतलं आणि सरकून जागा केली.

"इथं बसा, बाई."